चोंगजूतले तेरा दिवस आणि आरोहीचा फोटो

शिरपूरहून मुंबई, मुंबईहून विमान, मध्ये एका परक्या विमानतळावर बाकड्यावर काढलेले काही तास, मग इंचॉन आणि तिथून बसने चोंगजू. हा सगळा कंटाळा मी वाचणाऱ्याच्या माथी मारत नाही. एवढंच सांगतो, की बॅगेत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, नागलीचे पापड आणि शेंगदाण्याची चटणी होती आणि इंचॉनच्या कस्टमच्या साहेबाने तिन्ही पिशव्या वास घेऊन परत दिल्या. चटणीचा वास त्याने दोनदा घेतला.

शिरपूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. शाळेच्या ओळखपत्राचे फोटो, मुलामुलींच्या बायोडेटाचे फोटो, वर्गाचे ग्रुप फोटो यांत पस्तीस वर्षं गेली. मुलगी पल्लवी आणि जावई मिलिंद चोंगजूला असतात. मिलिंद तिथे बॅटरीच्या कारखान्यात आहे. नात आरोही सहावीत. तिथे प्राथमिक शाळा सहावीला संपते आणि मुलं दुसऱ्या शाळेत जातात. माझी बायको मंदा मागच्या वर्षी जाऊन आली होती, या वेळी पाळी माझी होती. अशोक विजयादशमी झाली आणि मी निघालो.

बसथांब्यावर

पहिल्या सकाळी मिलिंदबरोबर खाली उतरलो. थंडी आपल्या पौषासारखी, पण ऊन पिवळंधमक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळी झालेली झाडं. बसथांब्यावर गणवेशातल्या सातवी-आठवीच्या मुली उभ्या होत्या आणि त्यांतल्या तिघींच्या कपाळावर, पुढच्या केसांत, गुलाबी प्लॅस्टिकची नळकांडी गुंडाळलेली.

मला वाटलं, घाईत काढायची राहिली. आपल्याकडे रस्त्यात कुणाच्या साडीची घडी सुटली तर आपण सांगतोच. मी एकीला खूण केली, स्वतःच्या कपाळाला हात लावून दाखवला. तिने कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि नळकांडं तसंच ठेवून बसमध्ये चढली.

"पप्पा, ते मुद्दाम असतं," मिलिंद हसू दाबत म्हणाला. "शाळेच्या दारात काढतात. केसांना बाक यावा म्हणून."

"आणि रस्त्यातली माणसं बघतात त्याचं?"

"रस्त्यातले लोक मोजायचेच नाहीत. वर्गातले मोजायचे."

हे मला पटलं. बायोडेटाच्या फोटोला येणाऱ्या मुलीसुद्धा माझ्यासमोर डोक्याला रुमाल बांधून, चेहऱ्याला पावडर फासून निवांत बसतात. फोटोग्राफर मोजायचा नसतो.

त्यानंतर मला दिसायलाच लागलं. मुलांच्या, हो, मुलग्यांच्यासुद्धा, खिशात छोटा आरसा. दुकानाच्या काचेसमोरून जाताना प्रत्येक जण कपाळावरचे केस बोटाने सारखे करणार. ओठांना अगदी हलका लाल रंग, चौथी-पाचवीच्या मुलींच्याही. आणि उन्हात निघताना सगळ्यांच्या दप्तरात एक खडूसारखी कांडी. ती गालांवर फिरवायची, म्हणजे ऊन लागत नाही. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधतात, तेही उन्हासाठीच. फरक इतकाच, की तिथे कापूस कुणाला वेचायचा नव्हता.

जिऊ

आरोहीची मैत्रीण जिऊ दुसऱ्या दिवशी घरी आली. बूट दारात काढून, पायमोज्यांनी घसरत आत. पल्लवीने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. मला वाटलं, पोरगी तिखटाने रडेल. तिने ठेचा बोटाने चाटला, डोळे मिटले आणि काही तरी म्हणाली. आरोहीने मला मराठीत सांगितलं, "आमच्या आजीच्या किमचीपेक्षा थोडाच कमी आहे." मी तिच्यापुढे हात जोडले.

जेवताना तिने आरोहीकडे बघून काही तरी म्हटलं आणि आरोही लाजली.

"काय म्हणाली गं?"

"म्हणते, माझं तोंड लहान आहे."

"अरे वा, आणि तू लाजतेस?"

"आबा, ते चांगलं असतं. इथे तोंड लहान म्हटलं की खूप मोठं कौतुक."

आमच्याकडे पोराचं तोंड एवढंसं झालं म्हणजे ताप येऊन गेलेला असतो किंवा मास्तरांनी धुतलेलं असतं. मी हे सांगितलं, आरोहीने जिऊला सांगितलं, आणि जिऊ हसत हसत खुर्चीवरून घसरली.

मग माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. पापणीवर काहीतरी चमकत होतं. धंद्याची खोड, चेहऱ्यावर कुठे चमक आली की मला दिसतेच. ती केसाएवढी बारीक, पारदर्शक चिकटपट्टी होती. पापणीला घडी पडावी म्हणून रोज सकाळी आरशासमोर लावायची. जिऊने लपवलं नाही, उलट एक पट्टी काढून मला दाखवली. तिची आई म्हणाली होती, बारावीची परीक्षा दे, मग डॉक्टरकडून कायमची घडी घालून घेऊ. तिथे ते बक्षीस समजतात, पल्लवी म्हणाली.

"आरोहीला त्या विचारतात, तुझे डोळे कोणत्या डॉक्टरने केले," पल्लवीने सांगितलं. "पापण्यांचे केसही खरे आहेत का म्हणून ओढून बघतात."

मी नातीकडे अभिमानाने पाहिलं. ती ताटात बघत होती.

पांढरं मलम

चौथ्या दिवशी माझी फजिती झाली. थंडीने गाल फुटले होते. न्हाणीघरात एक ट्यूब दिसली, थंडीचं क्रीम समजून मी सढळ हाताने लावली आणि लिफ्टने खाली गेलो. लिफ्टमध्ये एक म्हातारी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. खाली काचेच्या दारात मला मी दिसलो: राख लावलेला गोसावी.

वर आलो तर मिलिंद पोट धरून हसला. पल्लवी हसली. आरोही मात्र हसली नाही. ती सरळ न्हाणीघरात गेली, ट्यूब उचलली आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

ते चेहरा उजळ दिसण्यासाठी लावायचं क्रीम होतं. तिथल्या मुलींच्या दुधाळ कातडीवर ते मिसळून जातं. आमच्या घरातल्या रंगावर ते राखाडी दिसतं. आरोही ते रोज शाळेत जाताना थोडंथोडं लावायची, आणि पल्लवीला वाटायचं की उन्हासाठी आहे.

मी तोंड धुतलं. पस्तीस वर्षं लोकांनी "भाऊ, जरा उजळ करा" म्हटलं की मी उजळ करून देत आलोय. आधी ब्रशने निगेटिव्हवर, आता माउसने. त्यात काही वावगं आहे असं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

पोटदुखी

मधल्या रविवारी आम्ही डोंगरावरच्या बुद्धविहारात गेलो. लाकडी खांब, निळ्या-हिरव्या रंगाची नक्षी, आत सोनेरी मूर्ती. मी बसून त्रिशरण म्हटलं. शेजारी एक आजी साष्टांग नमस्कार घालत होत्या, माझं झाल्यावर त्यांनी पिशवीतून टोमॅटोसारखं दिसणारं एक केशरी फळ काढून माझ्या हातात ठेवलं. चिकूसारखं गोड लागलं. शब्द एकही कळला नाही, तरी आम्ही दोघं पायरीवर बराच वेळ बसलो. त्या दिवशी मी फार समाधानात होतो.

सोमवारी आरोहीचं पोट दुखायला लागलं.

आई-बाप कामावर गेले आणि दहाच्या सुमारास ती उठून बसली, भूक लागली म्हणाली. पोट दुखणाऱ्या पोरीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुपारी तिला म्हटलं, चल, मला तुमची बाग दाखव. झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. आम्ही बाकावर बसलो.

"आज शाळेत काय होतं?"

बराच वेळ ती पायाने पानं सारत राहिली. "अल्बमचा फोटो."

सहावी संपताना प्रत्येक मुलाला जाड पुठ्ठ्याचा अल्बम मिळतो. प्रत्येकाचा एकट्याचा मोठा फोटो असतो, घरोघरी तो जन्मभर जपतात. आज त्याचे फोटो होते. जे गैरहजर, त्यांनी शुक्रवारपर्यंत बाहेर काढून आणून द्यायचा.

"मग शाळा का बुडवलीस?"

"आबा, तुम्ही काढा ना माझा. तुम्हाला येतं ना गोरं करता? मम्मी म्हणते तुम्ही सगळ्यांना करता."

मग कारण तिने आपणच सांगितलं. मागच्या वर्षी वर्गाचा ग्रुप फोटो आला तेव्हा एक मुलगा म्हणाला होता, आरोहीचे फक्त दात दिसतात. सगळा वर्ग हसला.

आता जे लिहितो ते लिहायला मला जड जातंय, पण प्रवासाचं खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत मी ओळखपत्रांचे फोटो काढायला जायचो. काळ्यासावळ्या, घाबरलेल्या पोरांना हसवायला माझा एक ठरलेला विनोद होता. "हास रे, म्हणजे फोटोत दिसशील तरी!" मास्तर हसायचे, रांगेतली पोरं हसायची, समोरचं पोरही हसायचं आणि मी बटण दाबायचो. फोटो छान यायचे.

मी आरोहीला ते सांगितलं. लपवावंसं वाटलं, पण सांगितलं.

तिने विचारलं, "ती मुलंपण हसायची?"

"हो. सगळीच."

"मीपण हसले होते," ती म्हणाली.

थंडी वाजायला लागली तेव्हा आम्ही उठलो.

चोई यांचा स्टुडिओ

बुधवारी शाळा सुटल्यावर मी, आरोही आणि जिऊ बाजारातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेलो. दार ढकलताच मला घरी आल्यासारखं वाटलं. तोच जुन्या कागदांचा वास, काचेखाली ओळखपत्रांच्या फोटोंचे नमुने, भिंतीवर लग्नाची जोडपी. मालक चोई, माझ्याच वयाचे, कानावर पेन्सिल.

त्यांनी आरोहीला पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं, दोन्ही बाजूंचे दिवे समान लावले, तीन फोटो काढले आणि संगणकावर बसले. हात काय चालत होता त्यांचा! दोन मिनिटांत रंग उजळला, हनुवटी निमुळती झाली, नाक बारीक झालं. हे सगळं कुणी न सांगता. मी मागे उभा राहून बघत होतो आणि मला तो हात माझाच वाटत होता.

आरोहीने पडद्याकडे पाहिलं. चेहरा खुलला तिचा. "असाच द्या," ती म्हणाली.

पोरीने मागितलं होतं, तिला मिळालं होतं. पण मूळ फोटो शेजारीच उघडा होता आणि धंद्यातल्या माणसाला जे दिसतं ते मला दिसत होतं. चूक पोरीच्या रंगात नव्हती, दिव्यात होती. गोऱ्या चेहऱ्यासाठी लावलेला तो सपाट प्रकाश आणि मागे पांढरा पडदा. त्यात सावळा चेहरा मातीसारखा दिसणारच.

मी फोनमधलं भाषांतराचं ॲप उघडलं, मराठीत बोललो, फोनमधली बाई कोरियनमध्ये बोलली. "मीही फोटोग्राफर आहे. पस्तीस वर्षं. मला एक फोटो काढू द्याल का?"

चोई उठले. मला वाटलं, रागावले. त्यांनी माझ्या स्टुडिओचे फोनमधले फोटो पाहिले, माझ्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यावर बोट ठेवून "ओऽ" केलं, आत जाऊन स्वतःचा तसलाच कॅमेरा आणून दाखवला आणि मग आपला रोजचा कॅमेरा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी पांढरा पडदा काढून करडा लावला. एक दिवा बंद केला. दुसरा उजवीकडे, बराच बाजूला आणि जरा वर नेला. डावीकडे जिऊच्या हातात पांढरा पुठ्ठा दिला, सावली फार गडद होऊ नये म्हणून.

"आरोही, माझ्याकडे बघू नकोस. दिव्याकडे तोंड कर आणि डोळे फक्त इकडे."

"हसू का?"

"तुला वाटलं तर."

ती हसली नाही. मी थांबलो. ती वाट बघत होती आणि मीही. जिऊच्या हातातला पुठ्ठा थरथरायला लागला, तिने काहीतरी कुरकुर केली, आरोहीच्या डोळ्यांत हसू आलं पण ओठांपर्यंत पोचलं नाही. तेवढ्यात मी बटण दाबलं.

पडद्यावर फोटो आला. गालाच्या हाडावर तांबूस उजेड, कपाळ पितळेच्या भांड्यासारखं, डोळे काळेभोर आणि खोल. रंग जसा आहे तसा. चोई खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला.

मी हनुवटीवरची एक पुटकुळी तेवढी काढली.

फोनमधल्या बाईने चोईंचा प्रश्न विचारला, "बाकी काही नाही?"

"पुटकुळी आठ दिवसांत जाणार आहे, म्हणून काढली," मी म्हणालो. "बाकीचं राहणार आहे."

हे वाक्य त्या बाईने कसं सांगितलं देव जाणे, पण चोई मोठ्याने हसले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. जिऊला तर तो फोटो एवढा आवडला, की ती स्वतःच त्या स्टुलावर जाऊन बसली. तिची पापणीवरची पट्टी एका बाजूने सुटली होती. आरोहीने तिला आरसा दिला. जिऊने पट्टी बसवून घेतली आणि मगच फोटो काढू दिला. मीही ती ठेवून काढला. ज्याला जसं हवं.

चोईंनी आरोहीच्या दोन्ही फोटोंच्या प्रती एका पाकिटात घालून दिल्या. घरी येताना मी तिला म्हटलं, "तुला जो द्यायचा तो दे. मी विचारणार नाही, आणि मम्मीलाही विचारू देणार नाही."

शुक्रवारी ती एकटी शाळेत गेली आणि फोटो देऊन आली. मी विचारलं नाही. सांगतो, तेरा दिवसांतलं सगळ्यात कठीण काम तेच होतं. शनिवारी निघालो. विमानतळाच्या बसपाशी जिऊसुद्धा आली होती, तिने मला तिच्या आजीच्या किमचीचा डबा दिला. तो विमानात नेता येईल की नाही यावर मिलिंद आणि पल्लवीचं भांडण झालं. आरोही माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आबा, पुन्हा या." फोटोबद्दल अक्षर नाही.

शिरपूर

संक्रांतीच्या आसपास तिकडे शाळेचा निरोप समारंभ झाला आणि पल्लवीने अल्बमच्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवला. मी स्टुडिओत होतो, गिऱ्हाईक समोर होतं. त्याला "एक मिनिट हं भाऊ" म्हटलं आणि बाहेर उन्हात येऊन मोबाईल उघडला.

पानावर दुधासारख्या उजळ चेहऱ्यांच्या रांगा होत्या. त्यांत एक फोटो करड्या पडद्याचा. कपाळ पितळेसारखं, डोळ्यांतलं हसू ओठांपर्यंत न आलेलं.

मी स्टुडिओ तसाच टाकून घरी गेलो. मंदा धान्य निवडत होती. ती शिंदखेड्याकडची, आनंदात असली की माहेरची बोली बोलते. तिने चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"हाई पोर ते तुमनी मायसारखी दिसस," ती म्हणाली. "बठ्ठं तोंड तुमनी मायनं शे."

म्हणजे सगळं तोंडच मायचं. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर मायचा फोटो आहे. दीपनगरचं वीजकेंद्र बांधलं जात होतं तेव्हा माय तिथे डोक्यावर घमेलं घेऊन काम करायची. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी मी तिचा फोटो मोठा केला होता, आणि सगळे नातेवाईक येणार, माय चांगली दिसावी, म्हणून मीच तो उजळ केला होता. इतकी वर्षं त्याच फोटोला फुलं वाहिली. मायचा रंग कसा होता ते मी विसरलो होतो. मंदा विसरली नव्हती.

दुपारभर पेटी उपसली. निगेटिव्ह सापडली. मी नवीनच कॅमेरा घेतला होता तेव्हाची, खोलीच्या दारात बसून माय तांदूळ निवडतेय. तिच्यावर ब्रश न फिरवता नवी प्रत काढली. जुनी चौकट उतरवून ही लावली. मग तिचा फोटो मोबाईलवर घेऊन आरोहीला पाठवला.

थोड्याच वेळात उत्तर आलं. "आबा, या कोण? माझ्यासारख्या दिसतात. याआधी मला कधी का नाही दाखवलं?"

मी उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. मग सरळ फोनच लावला.